पस्तीस मार्कांचं नाणं

४ नोव्हेंबर २०२४

शेवटी आज नझीरला पटवलं. बायकोने, चिमाने दिलेला चकल्यांचा डबा घेऊन राजिवड्याला गेलो होतो. डबा हे निमित्त. खरं काम नाण्याचं.

बेत असा आहे, की एक मे या दिवशी आमच्या आळीतल्या समाजमंदिरात नाण्यांचं प्रदर्शन भरवायचं. नाव ठरलंय, 'एस.टी.च्या पेटीतली नाणी'. मी कंडक्टर, नझीर ड्रायव्हर. रत्नागिरी, पाली, साखरपा, आंबा घाट, कोल्हापूर आणि परत, अशी उमेदीची सगळी वर्षं आम्ही एकाच गाडीवर काढली. कोणी भाड्यात वेगळं नाणं दिलं की मी पेटीत माझ्या खिशातलं टाकायचो आणि ते बाजूला ठेवायचो. मग थांब्यावर नझीरला दाखवायचो. सालाखाली बारीक खूण असते ना, हिरा असला की मुंबईची टाकसाळ, तारा असला की हैदराबादची, ती त्याला हात लांब करूनही दिसायची. घारीचे डोळे! घाटात धुकं असलं तरी त्या डोळ्यांच्या भरवशावर मी मागे खुशाल डुलक्या काढायचो.

आता ही नाणी तपासून घ्यायची. मुंबईत अशी एक कंपनी आहे. नाणं खरं की खोटं ते बघते, किती झिजलंय त्यावर नंबर देते आणि मग कडक प्लॅस्टिकच्या चपट्या डबीत ते कायमचं बंद करून वर लेबल लावते. डबीला स्लॅब म्हणतात. प्रदर्शनात लेबलवाली नाणी असली म्हणजे कोणी नाक मुरडायला नको.

पण खरं रत्न नझीरकडे आहे. झांझिबारचं तांब्याचं नाणं. एका बाजूला तराजू, दुसऱ्या बाजूला अरबी अक्षरं. त्याचे वडील अब्बास गलबतावर खलाशी होते. एका खेपेला त्यांनी ते आणून पोराच्या हातावर ठेवलं आणि पुढच्या खेपेला गेले ते आलेच नाहीत. वडिलांचा फोटो नाही, पत्र नाही. आहे ते हे नाणं. ड्युटीवर असताना ते कायम त्याच्या खिशात असायचं.

"डबीत बंद केला की मग उघडत नाय?" त्याने विचारलं.

"तीच तर गंमत आहे. जन्मात हात लागणार नाही कोणाचा."

मी त्याला लेबलचं, बारकोडचं, नंबर टाकला की कॉम्प्युटरवर फोटो दिसतो त्याचं, असं सगळं सांगत होतो. मग तो म्हणाला, "तू एवढा म्हनतोस तर ने बाबा."

मी घरी येईपर्यंत शीळ घालत होतो. चिमा म्हणाली, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग."

९ नोव्हेंबर

आज नाणी तयार केली. माझी कमळाची पितळी वीस पैशांची नाणी काळवंडली होती, आईकडची पाव आण्याची तांब्याची तर कोळसा झाली होती. देवाची भांडी घासतो तशी कोकमाच्या आगळात, त्या आंबट रसात भिजवली, रांगोळीने घासली, धुऊन पुसली. लखलख! मुलगी दाखवायला न्यायची तर तोंड धुवायला नको का?

संध्याकाळी नझीर त्याचं नाणं घेऊन आला. फातिमाभाभी सोबत. पूर्वी स्कूटरवर उडत यायचा, हल्ली रिक्षाने येतो आणि बायकोला बरोबर घेऊनच. पायरी चढताना तिने त्याचा दंड धरला होता. म्हातारपणी नव्याने प्रेम आलंय. मी चेष्टा केली तर भाभी नुसतं हसली.

त्याचं नाणंही आगळात टाकायला मी हात पुढे केला. त्याने मूठ मिटली.

"नको. माज्या बाबाचा हात लागलाय त्याला. धुवून काढू नको."

"अरे, काळं दिसतंय."

"दिसू दे."

जाऊ दे, त्याचं नशीब. माझी लखलखीत नाणी फर्स्ट क्लास आणतील आणि ह्याचं मळकं नापास होईल, तेव्हा कळेल. भिंग दिलं तर तेही नको म्हणाला. नाण्यावरून अंगठा फिरवत बसला. जाताना ते माझ्या हातावर ठेवलं आणि माझी बोटं त्यानेच मिटवली. थोडा हळवा आहे तो.

११ नोव्हेंबर

पुतण्या नितेश दिवाळी आटोपून मुंबईला परत गेला. नाणी त्याच्याबरोबर पाठवली, प्रत्येकाला वेगळं पाकीट. तो स्वतः कंपनीत नेऊन देणार आहे.

नझीरचा फोन. "पोचला काय?" गाडी अजून चिपळूणलाही गेली नसेल.

२ डिसेंबर

लेबलचा अभ्यास सुरू आहे. नितेशने मोबाइलवर दुसऱ्यांच्या स्लॅबचे फोटो पाठवलेत. मला वाटलं होतं कठीण असेल, पण आपलं जुनं तिकीटच की! कुठून निघालं, कधी निघालं, काय दराचं, आणि खाली नंबर. देश, साल, किंमत. सालाला चिकटून कंसात अक्षर असलं तर ती टाकसाळ. उजवीकडे मोठ्या अक्षरात दोन इंग्रजी अक्षरं आणि एक आकडा, तो दर्जा. एम.एस. म्हणजे टाकसाळीतून निघालं ते बाजारात फिरलंच नाही. तांब्याचं असलं तर पुढे बी.एन., म्हणजे रंग तपकिरी झालाय.

नझीरकडे गेलो आणि फोटो त्याच्यासमोर धरले. म्हणाला, "तू वाच. तुजा आवाज बरा हाय." मी वाचले. पुन्हा वाचायला लावले. मग गडी धडाधड पाठ म्हणून दाखवतो! देश, साल, टाकसाळ, दर्जा, एक अक्षर चुकला नाही. मोबाइलकडे ढुंकून बघितलं नाही तरीही. मला कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला, कारण मला अजून कागद बघावा लागतो.

चहा आला. भाभीने कप त्याच्या हातात नेऊन दिला, बोटं कपाच्या कानाला लावून दिली. एवढे लाड! तरी साहेबांनी बशीत ओतताना अर्धा चहा चटईवर सांडला. मी म्हटलं, "घाटात गाडी अशी वळवली असतीस तर?" तो खो खो हसला. भाभी चटई पुसायला उठली ती आतच गेली. माझं काही चुकलं का?

२० डिसेंबर

लिहितानाही राग आवरत नाही.

संध्याकाळी मांडवीला गेलो होतो. नझीर एकटाच कठड्यावर बसलेला, समोर समुद्र. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो, कमरेवर हात ठेवून. म्हटलं बघू या काय बोलतो. पठ्ठ्या माझ्याकडे तोंड करून बसलाय आणि ओळख नाही! माझ्यातून आरपार बघतोय. मी तिथे खांबासारखा उभा, आणि तो ढिम्म. शेवटी मी तसाच मागे फिरलो.

नाणं नेलं म्हणून राग आहे, दुसरं काय. मग नको द्यायचं होतं. मी काय चोर आहे? एका ताटात जेवलो, आंबा घाटाच्या थांब्यावर एका घोंगडीत झोपलो आणि आता तोंड फिरवतो. मी काही त्याच्याकडे जाणार नाही.

चिमाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुमी त्येंना हाक मारलीत?"

"मी का मारू? मी समोर उभा होतो."

"तोंड उगडलंत का पन?"

"नाही."

"मग त्येंना कसं कळावं?"

हिला काही समजावून सांगण्यात अर्थ नाही.

२७ डिसेंबर

आज नझीरच आला. भाभीबरोबर. दारातून ओरडला, "गंगाराम हाय काय घरात?" मी समोरच झोपाळ्यावर बसलो होतो. म्हणजे अजून राग आहेच, मला बघून न बघितल्यासारखं करायचं. मी म्हटलं, "आहे. मेलेलो नाही." आवाजाच्या रोखाने आला आणि माझ्या शेजारी बसून थेट गुडघ्यावर हात ठेवला.

"आठ दिस झाले, फोन नाय. काय झाला?"

मी मांडवीचं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "तो तू होतास? मना वाटला कोन पर्यटक उभा हाय. ऊन डोल्यात होता रे." मग हात जोडून म्हणाला, "माफ कर." नझीर आणि माफी! कोल्हापूरला चुकीच्या फलाटावर गाडी लावून इन्स्पेक्टरशी भांडलेला माणूस हा. माझा राग लोण्यासारखा वितळला. उन्हाचं मलाही पटलं. संध्याकाळी मांडवीला पश्चिमेचं ऊन असतंच. नंतर आठवलं की तो उन्हाकडे तोंड करून बसलेला आणि मी त्याच्या पुढ्यात, म्हणजे ऊन माझ्या पाठीमागून येत होतं. मग बरोबर, मी काळाच दिसलो असणार.

चिमाने दोघांना घावणे घातले. नझीरच्या ताटात चटणी वाढताना म्हणाली, "भावजी, चटनी उजव्या हाताला हाय, चाय डाव्या." हे असं सांगायची काय गरज होती, कोणास ठाऊक.

३० जानेवारी २०२५

निकाल लागला. नितेशने कंपनीच्या साइटवरून फोटो काढून पाठवले.

आधी आनंदाची बातमी. माझ्या पितळी आणि तांब्याच्या नाण्यांना नुसता नंबर दिलेला नाही. इतरांना आकडा, आणि माझ्या लेबलवर 'डिटेल्स'. म्हणजे सविस्तर माहितीसह! खाली लिहिलंय 'क्लीन्ड'. स्वच्छतेची खास नोंद घेतली त्यांनी. आगळाचं चीज झालं. ठसा सरकलेला रुपया होता, पालीच्या बाजारात एका म्हातारीने तिकिटाला दिलेला, त्यावर 'मिंट एरर' असं आलंय. ते मला माहीतच होतं.

आता वाईट बातमी. नझीरचं नाणं खरं ठरलं. लेबलवर झांझिबार आहे, हिजरी साल १२९९ आहे, कंसात १८८२. सगळं व्यवस्थित. आणि दर्जा? व्ही.एफ. ३५.

पस्तीस! काठावर पास. आयुष्यभर जपलेल्या नाण्याला पस्तीस मार्क. दहावीत मला गणितात पस्तीस होते, तेव्हा बाबांनी पालीच्या बाजारात कोणाला तोंड दाखवलं नव्हतं. धुऊ दिलं असतं तर ही वेळ आली नसती. त्याला कसं सांगू? त्याचा रोज फोन येतो. आज म्हटलं, निकाल लागायचाय. खोटं बोलायची सवय नाही, जीभ अडखळली.

८ फेब्रुवारी

इतके दिवस तोंड चुकवत होतो. आज धीर करून कंपनीला फोन लावला. संस्कृती नावाची मुलगी बोलली, गोड आवाजाची. मी म्हटलं, पुनर्तपासणीचा अर्ज असतो का? मार्क वाढवून घ्यायचेत. ती आधी गोंधळली. मग हसली, पण वाईट हसली नाही.

तिने समजावलं ते असं. हे मार्क नव्हेतच. एक ते सत्तर अशी मोजपट्टी आहे आणि सत्तर म्हणजे टाकसाळीतून निघालं तसंच्या तसं. वापरात फिरलेलं नाणं झिजतं, तसा आकडा खाली येतो. व्ही.एफ. म्हणजे व्हेरी फाईन. दीडशे वर्षांच्या जवळ गेलेलं, खिशात फिरलेलं तांब्याचं नाणं असूनही अक्षरं स्पष्ट आहेत, तराजूच्या साखळ्याही दिसतात, म्हणजे चांगलंच आहे. म्हणाली, "काका, झीज एकसारखी आहे. कोणीतरी प्रेमाने हाताळलेलं दिसतंय." कंपनीची मुलगी असं बोलली!

मग मी ऐटीत विचारलं, माझ्या डिटेल्सवाल्या नाण्यांचं काय? ती हळूच म्हणाली, "काका, डिटेल्स म्हणजे नाण्यात काहीतरी दोष आहे, म्हणून आकडा देता येत नाही. क्लीन्ड म्हणजे घासलेलं. वरचा मूळ थर निघून जातो ना. तुम्ही कशाने घासलंत?"

मी म्हटलं, "कोकमाच्या आगळाने."

"ते काय असतं?" तिने विचारलं. रत्नागिरीत ये पोरी, सोलकढी पाजतो, म्हटलं आणि फोन ठेवला. चिमा दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. तोंडात पदर कोंबून हसत आत गेली आणि आतूनही हसण्याचा आवाज येत होता.

तसाच उठून राजिवड्याला गेलो. नझीरला सगळं सांगितलं, पस्तीसचं, माझ्या लपवण्याचं, आगळाचं. वाटलं होतं टर उडवील. त्याने मला लेबल पुन्हा वाचायला लावलं. हिजरी साल आधी आहे हे ऐकून खूश झाला. मग विचारलं, "पन नाना कवा येल?"

"नितेश शिमग्याला येताना आणील."

"उघडा आनता येनार नाय?"

"अरे बाबा, ते सील झालं. आता कायमचं सुरक्षित आहे."

"बरा झाला," तो म्हणाला. आवाज जरा वेगळा लागला. थंडीने घसा बसला असावा.

१७ मार्च

नितेश शिमग्याला पालीला आला आणि स्लॅब माझ्या हाती पडले. किती देखणे! काचेसारखं स्वच्छ प्लॅस्टिक, वर पांढरं लेबल. झांझिबारचा तराजू आत बसलाय, जरा हलवला तरी किणकिणतसुद्धा नाही.

लगेच नझीरकडे धावणार होतो, पण एक कल्पना सुचली. रोजे चालू आहेत. ईदला नेऊन देतो, ईदी म्हणून. फोनवर विचारत होता, मी म्हटलं नितेशला सुट्टी मिळाली नाही. ह्या वेळी खोटं बोलताना जीभ अडखळली नाही.

चिमा म्हणाली, "देऊन टाका आजच. त्यो मानूस वाट बगतोय." बायकांना सरप्राइजमधली गंमत कळत नाही.

३१ मार्च, ईद

सकाळी आम्ही दोघं गेलो. नवा सदरा, अत्तर, शिरखुर्मा. गळाभेट झाली. मी स्लॅब लाल कागदात गुंडाळला होता, त्याच्या हातावर ठेवला. म्हटलं, "ईद मुबारक. तुझा बाबा आला."

त्याने कागद फाडला. स्लॅब हातात आला आणि त्याने अंगठा फिरवला. प्लॅस्टिकवरून. पुन्हा फिरवला. उलटा केला, पुन्हा फिरवला. कडा चाचपल्या, जसं काही कुठे झाकण उघडतंय का बघत होता. दारातून लख्ख ऊन येत होतं. मग त्याने तोंड माझ्याकडे केलं, म्हणजे माझ्या जरा डावीकडे, आणि विचारलं,

"तराजू खंयच्या बाजूला हाय रे?"

तराजू त्याच्या समोर होता. नाकापासून वीतभर.

मी म्हटलं, "वरच. ह्याच बाजूला."

"हां, हां. दिसला," तो म्हणाला आणि हसला. "झ्याक झालाय. मस्त काम केलास." फातिमाभाभी मान खाली घालून शिरखुर्म्याच्या वाट्या लावत होती, आणि चिमा माझ्याकडे बघत होती.

१ एप्रिल

मांडवी. चहा. भिंग. रिक्षा. आवाजाच्या रोखाने चालत येणं. चटणी उजव्या हाताला.

चिमाला विचारलं, तुला कधीपासून माहीत? म्हणाली, "पायरीवर भाभीनं दंड धरला तवापासून." मग मला का सांगितलं नाहीस? "त्येंनी तुमाला सांगितलं नाय, मी कशाला सांगू? आनि म्हटलं तुमाला दिसंल." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो मी. भिंग घेऊन टाकसाळीच्या खुणा शोधत बसलो होतो.

३ एप्रिल

नझीर नमाजाला गेल्यावर भाभीला गाठलं. काचबिंदू. हळूहळू कडेने अंधार आत येतो, मधलं तेवढं उरतं, तेही आता धुरकट. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं थेंब घालून जपा.

"तुमालाच सांगू नको म्हनाले," भाभी म्हणाली. "म्हनतात, गंगारामला वाटेल मी आंधला असताना गाडी चालवली. लोकांना पन वाटेल. नोकरीत असताना डोले चांगले होते हो भावजी, अल्लाची शपत. सगला नंतर झाला."

शपथ कशाला घालता, मी मागे बसलो होतो ना सगळी वर्षं, एवढंच म्हणालो.

नाण्याचं तिनेच सांगितलं. नजर अधू व्हायला लागल्यापासून तो ते नाणं हातातच ठेवायचा. टीव्ही ऐकताना, बसून असताना, झोपतानासुद्धा. म्हणायचा, बाबाचा चेहरा आठवत नाय, पण हे वाचता येतं. आणि दिवाळीपासून त्याचा अंगठा रिकामाच फिरतो, दुसऱ्या बोटावर.

"मग त्याने दिलं कशाला?" मी जवळजवळ ओरडलोच.

"तुमी किती खूश होतात," ती म्हणाली.

५ एप्रिल

आज केलं.

पकड, स्क्रू ड्रायव्हर आणि चिमाच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन सकाळीच गेलो. नझीर ओट्यावर बसला होता. मी लांबूनच म्हटलं, "मी आलोय, गंगाराम." हे सांगायला इतके महिने लावले मी.

"स्लॅब आण," म्हटलं. "फोडतो."

त्याला लगेच कळलं. सगळंच कळलं. चेहरा आधी कडक झाला, मग सैल पडला. "फातिमाने सांगितला?"

"तू सांगितलंस. तराजू विचारलास तेव्हा."

तो म्हणाला, "फोडू नको. नंबर जाईल ना? तुजा प्रदर्शन हाय."

"जाईल. तुझं नाणं आहे, तू नको म्हण, मी परत जातो."

नको म्हणाला नाही. भाभीने आतून स्लॅब आणून माझ्या हातात दिला.

ती डबी सहजी फुटत नाही. बनवलीच तशी आहे. फडक्यात गुंडाळून कोपऱ्याला पकड लावली, दाबली, दाबली, शेवटी कड्कन आवाज झाला आणि नझीर दचकला. फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून हळूहळू पिळत गेलो. नाण्याला ओरखडा गेला तर, या भीतीने घाम फुटला होता. आतलं रबराचं कडं निघालं. लेबल वेगळं पडलं. नाणं लुगड्यावर आलं.

मी ते उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं.

अंगठा आला. घाई केली नाही त्याने. "हा दांडा," म्हणाला. "ह्या साखल्या. हा एक पारडा, हा दुसरा. खाली साल." नाणं उलटलं. "आनि हा सुलतानाचा नाव. मधली रेघ इथे जरा दबलीय." मी वाकून बघितलं. दबलेली होती. ते लेबलवर नव्हतं.

मला रडू आलं. त्याला दिसत नव्हतं म्हणून मी डोळे पुसलेही नाहीत.

"रडतोस कशाला येड्या?" तो म्हणाला.

"मग तेव्हाच नाही म्हणायचं होतंस."

"रिटायर झाल्यापासून तुजा आवाज असा कदी लागला नव्हता. रोज फोन करायचास, रोज नवीन कायतरी. म्हटला जाऊ दे, एक नाना हाय." अंगठा चालूच होता. "मना वाटला, बाबाशिवाय जमेल. नाय जमला."

लेबल मी खिशात घातलं होतं. घरी येऊन बघितलं. व्ही.एफ. ३५. सत्तरातले बरेचसे आकडे नझीरच्या अंगठ्यानेच कमी केले असणार, आणि अजून करील. चिमाला म्हटलं, पुढच्या ईदपर्यंत तीस होईल. ती म्हणाली, "होऊ दे."

२१ एप्रिल

प्रदर्शनाची तयारी. आगळाने घासलेली नाणीही मांडणार, 'अशी चूक करू नये' अशी पाटी लिहून. चिमा म्हणते त्या पाटीखाली माझा फोटोही लाव. बागेतून आंबे उतरायला लागलेत, समाजमंदिरात आढी घातलीय कोणाची तरी, वास सुटलाय. पेट्या हलवायला लावल्या.

१ मे

पार पडलं. माणसं आली, पालीहूनही आली, जुने कंडक्टर आले. टेबलांवर स्लॅब, वर 'हात लावू नये'. मधल्या टेबलामागे नझीर, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. त्याच्यासमोर मखमलीच्या तुकड्यावर एकच नाणं, उघडं, आणि पुढे मी माझ्या अक्षरात लिहिलेलं लेबल. झांझिबार, हिजरी १२९९, एक पैसा. अब्बास खलाशी यांनी आणलं. हात लावावा.

सगळ्यात मोठी रांग तिथेच. मी हेव्याने बघत होतो. नझीर एकेकाला डोळे मिटायला सांगायचा, नाणं हातावर ठेवायचा आणि तराजू शोधायला लावायचा. शाळेतल्या मुलींना पटकन सापडायचा, मोठ्यांना वेळ लागायचा. स्वतःहून सांगत होता सगळ्यांना, "मना दिसत नाय हां आता, हातातून पाडू नको." मोठ्याने. जुन्या डेपो मॅनेजरसमोरसुद्धा. मॅनेजर म्हणाले, तुमच्या गाडीत मी सहकुटुंब बसायचो. नझीरची मान ताठ झाली.

दुपारी कोल्हापूरचे एक संग्राहक आले. जाणकार माणूस. माझी नाणी बघून मान डोलावली, आगळाची पाटी वाचून हसले, मग मधल्या टेबलाशी आले आणि चमकले.

"हे स्लॅबमधलं होतं ना? साइटवर बघितलं होतं मी. असं उघडं का ठेवलंत? अहो, ग्रेड गेली की!"

"गेली," मी म्हटलं.

त्यांना आणखी काहीतरी ऐकायचं असावं. थोडा वेळ उभे राहिले, मग नझीरने सांगितल्यावर डोळे मिटून त्यांनीही हात पुढे केला.

ते गेल्यावर नझीर माझ्याकडे कलला. "गंगाराम, तो मानूस दिसायला कसा होता रे?"

इतक्या महिन्यांत त्याने मला असं पहिल्यांदाच विचारलं.

"टक्कल आहे," मी म्हटलं. "मिशा रंगवलेल्या. सोन्याची साखळी. आणि शर्टाची बटणं खालीवर लावलेली, बायको बरोबर नसणार."

"आनि माजी?"

"तुझीपण."

त्याने घाईघाईने गळ्यापासून खालपर्यंत बटणं चाचपली. सगळी बरोबर होती. मला एक ठेवणीतली शिवी हासडली आणि रांगेतल्या पुढच्या मुलीला म्हणाला, "ये गो, हात पुढे कर."